उकिरड्याशेजारची माती

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेवढ्यावर माणसाला लिहिता-वाचता येतं आणि आपल्याला सगळंच कळतं असंही वाटायला लागतं. पुढं शिकले असते तर हा दुसरा रोग कदाचित बरा झाला असता.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानाला खत लागत नाही, नुसतं बी पेरलं तरी ज्वारी येते, असं लोक सांगतात. खरंही असेल. आमचं रान त्या काळ्या रानाच्या पार कडेला, सांगोल्याच्या अंगाला आहे. वरची पट्टी बरड, कुदळ मारली तर ठिणगी निघेल अशी. मधे थोडं काळं आणि खाली ओढ्याकडं चोपण, म्हणजे खारवट, पाणी न जिरणारं. पण परगावच्या पाहुण्याला मी जन्मभर "आमचं मंगळवेढ्याचं रान" असंच सांगत आले. कुणी बघायला येत नाही म्हटल्यावर सांगायला काय जातंय?

मालक गेल्यावर दहा-बारा वर्षं रान मी केलं. मग गुडघे गेले आणि ते सुनेकडं आलं. रान सोडलं, तोंड सोडलं नाही. लेक सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात आहे, पंधरा दिवसांनी येतो. त्याचं म्हणणं, रान वाट्यानं द्यावं आणि बायकोनं सोलापूरला यावं. सुनेला ते नको होतं. तिला शेती आवडते. शेती आवडणारी बारावी शिकलेली बाई मी तरी दुसरी बघितली नाही. शेवटी नवरा-बायकोत ठरलं की एक साल तिनं तिच्या मतानं करायचं. ज्वारी नीट आली तर रान तिचं, नाहीतर उन्हाळ्यात भांडी बांधून सोलापूर.

तेव्हा आमच्या बचत गटात शेतीच्या केंद्रातली एक मुलगी यायची. स्कूटीवरून, तोंडाला ओढणी गुंडाळून. गटातल्या बाया तिला म्याडम म्हणायच्या, ती मला आजी म्हणायची. मला राग यायचा. आजी असले तरी ओळख नसताना कशाला म्हणायचं? ती माती तपासायला शिकवायची. रानात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा घ्यायचा, सगळी माती मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून द्यायची. कुठली घ्यायची नाही तेही तिनं बोटावर मोजून सांगितलं. झाडाखालची नको, बांधावरची नको, उकिरड्याजवळची नको, जनावरं बसतात तिथली नको.

मी सुनेच्या कानात म्हणाले, "म्हंजे चांगली म्हनून माती घ्यायचीच न्हाय व्हय?"

"आत्या, ऐका जरा."

ऐकलं. पण मनाला पटलं नाही.

माती द्यायच्या आदल्या दिवशी सून माहेरी गेली, भावाचा साखरपुडा होता. जाताना मला चार वेळा सांगून गेली. वरून तिथनं फोनही केला. "आत्या, आठ ठिकानची घ्या बरं का. बरड पट्टीतली इसरू नका."

मी टोपलं आणि कुदळ घेऊन रानात गेले. बरड पट्टीत पहिला खड्डा घेतला. निघाला मुरूम, पिवळट, त्यात चार खडे. तो हातात धरून मी उभी राहिले आणि मला लाज वाटली. ही माती आता परक्याच्या टेबलावर जाणार, कुणी साहेब ती चिमटीत धरून बघणार, आणि कागदावर आमच्या घराचं नाव लिहिणार. मुलगी दाखवायची असली की तिला धुऊन-पुसून, घरातली चांगली साडी नेसवून आणतात. शेण काढता काढता आहे तशी कुणी पाटावर बसवत नाही. मी तो मुरूम टाकून दिला.

मग मी कडुनिंबाखाली गेले. तिथं दुपारी म्हशी बसतात. तिथली घेतली, काळीभोर. आणि बाकीची सगळी आमच्या उकिरड्याशेजारची घेतली. काय माती होती! हातात घेतली तर उबदार. घरी आणून परातीत वाळवली, पिठाच्या चाळणीनं चाळली, तांदूळ निवडावेत तशी निवडली. एक गवताची काडी दिसली, तीही काढली. तीस वर्षं ज्या रानात राबले त्याच्यासाठी एवढी मेहनत मी कधी घेतली नव्हती.

आषाढात कागद आला. सून उंबऱ्यात उभी राहून वाचायला लागली. "सेंद्रिय कर्ब, अत्यंत जास्त. स्फुरद, भरपूर. पालाश, भरपूर." वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "आत्या, असं कसं?"

"कसं म्हंजे? मंगळवेढ्याचं रान हाय."

तो कागद पदराखाली घालून मी गिरणीत गेले. दळण नव्हतं, तरी गेले. माझी धाकटी जाऊ तिथं रांगेत होती. तिचं रान आमच्या बांधाला लागून. ती म्हणाली, "आक्का, आमचा कागद समदा कमी-कमी आलाय बघ."

"येनारच की," मी म्हणाले. "रानाचं बी खानदान असतंय."

गिरणीवाला हसला. जाऊ हसली नाही.

कागदावर सल्ला होता की यंदा शेणखत घालायची गरज नाही, रासायनिक खतही निम्मंच पुरे. सुनेनं मला विचारलं, "आत्या, बरड पट्टीला बी खत नको?" आता बोलायची वेळ होती. मी म्हणाले, "शिकलेल्यांचा कागद हाय. तूच म्हनतीस ना त्यांच्या मतानं करायचं?" एवढं बोलून मी शेंगा फोडायला बसले. मला खरंच वाटत होतं की कागदावर चांगलं लिहिलंय तर रानालाही ते कळेल आणि थोडंफार चांगलं वागेल. उकिरडा भरून वाहत होता, नवीन शेण टाकायला जागा नव्हती, म्हणून सुनेनं तीन ट्रॉल्या खत जावेच्या रानात टाकायला दिलं.

पेरणी झाली. ज्वारी वर आली तेव्हा दोन्ही रानं सारखीच दिसत होती. महिन्याभरानं बांधावर उभं राहिलं की आंधळ्यालाही फरक कळला असता. पलीकडं जावेची ज्वारी काळपट हिरवी, पानं हातभर रुंद वाटावीत अशी. अलीकडं आमची कावीळ झाल्यासारखी. बरड पट्टीत तर गुडघ्याच्या वर जायला तयार नव्हती. सून रोज सकाळी जाऊन बघून यायची आणि काही न बोलता चुलीपुढं बसायची. ती बोलली असती तर मी भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं.

लेक आला तेव्हा बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "कागदावर ज्वारी उगवत न्हाय. उन्हाळ्यात रान वाट्यानं देऊ. मी खोली बघितलीय, पानी येतंय तिथं दिवसाआड."

सून म्हणाली, "एक साल म्हनाला होता."

"हे काय आलं की साल. दिसतंय की डोळ्याला."

जेवताना मी एक भाकरी जास्त खाल्ली. भूक होती म्हणून नाही. तोंड भरलेलं असलं की माणसाला बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेनं त्या मुलीला फोन करून बोलावलं. ती आली, बरड पट्टीत गुडघे टेकून बसली, माती उकरली, तळहातावर घेऊन थोडं पाणी टाकून चोळली. चोळून झाल्यावर तिनं कागद काढला आणि एकदा कागदाकडं, एकदा हाताकडं बघितलं.

"ताई, ही माती या कागदातली नाही."

सून म्हणाली, "मग कुनाची?"

"बहुतेक पिशव्या बदलल्या असतील. माझ्याकडं त्या दिवशी चाळीस पिशव्या होत्या. चूक माझी आहे. मी वर लिहून कळवते."

मी चार हातांवर उभी होते. तिला वाटलं मला उन्हाचं उभं राहवत नाही. म्हणाली, "आजी, तुम्ही सावलीत बसा ना." त्या दिवशी आजी म्हटल्याचा मला राग आला नाही. मी जाऊन त्या कडुनिंबाखालीच बसले, त्याच जागी, जिथं माझा खड्डा अजून दिसत होता.

पुढच्या मंगळवारी गटाची बैठक देवळाच्या मंडपात होती. बायांनी मुलीला येताक्षणी धरलं.

"म्याडम, तुमच्यापायी हिचं रान वाया गेलं."

"आमी न्हाय आता माती देनार."

"आमचा कागद बी खोटाच असंल. समदं कमी-कमी लिवलंय. आमी न्हाय त्यातलं काय बी करनार."

मुलगी म्हणत होती, "माझी चूक झाली, पण बाकीचे कागद बरोबर आहेत." कुणी ऐकत नव्हतं. सून खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत होती. एक दशी निघाली, मग दुसरी निघाली. मी बघत राहिले. मग मला वाटलं, ही पूर्ण सतरंजी उसवेल.

मी म्हणाले, "पिशवी बदलली न्हाय. माती मी उकिरड्यातली दिली हुती."

मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "उकिरड्याशेजारची. आन् म्हशी बसतात तितली. चाळून दिली."

"चाळून?" मुलीनं विचारलं.

"पिठाच्या चाळनीनं."

जाऊ पहिल्यांदा हसली. अशी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. "आक्का! म्हंजे खानदान म्हशीचं हुतं व्हय गं?" मग सगळ्या बाया हसल्या. मी हसण्याच्या लायकीचीच होते, पण त्यांनी जरा लवकर थांबायला हरकत नव्हती. मुलगी हसली नाही. ती खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. बऱ्याच दिवसांनी पाठीवरचं ओझं उतरलं की माणूस बसतो तशी.

मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "थांबा गं. हिची मातीच खोटी हुती, तर आमचा कागद खरा म्हनायचा की."

म्हातारीचं खरं होतं. माझं खोटं उघडं पडलं आणि गावातल्या सगळ्यांच्या रानांचा कमीपणा एका मिनिटात खरा ठरला. त्यानंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलायला कुणाला आवडलं नाही. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

सुनेनं तिथंच फोन काढला, नवऱ्याला लावला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या. सांगा त्यास्नी."

"घरी जाऊन सांगते की."

"हितंच."

सगळ्या बायांसमोर मी लेकाला सांगितलं. पलीकडं यंत्रमागांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "काय? मोठ्यानं बोल." मी तिसऱ्यांदा सांगितलं. तो मग म्हणाला, "आये, उकिरड्यातली?"

"व्हय."

"मग हिचं साल धरायचं कसं?"

"नकोच धरू. ते साल माझ्या नावावर टाक. तिचं पुढचं धर."

तो म्हणाला बघतो. फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "बघतो म्हंजे धरलं." तिला तिचा नवरा जास्त माहीत.

त्या मुलीनं मग सुनेला युरिया मोजून पाण्यात विरघळवून फवारायला लावला. पिवळेपणा थोडा उतरला. बरड पट्टीतलं काही खरं नव्हतं, पण मधल्या काळ्यात कणसं भरली. खायला पुरेल एवढी ज्वारी झाली. कडबा मात्र कमी पडला. जावेनं आपणहून दोनशे पेंढ्या पाठवल्या, वर निरोप पाठवला की तुझंच शेण परत येतंय. मी निरोप आणणाऱ्याला चहा दिला नाही.

उन्हाळ्यात पुन्हा माती काढायची वेळ आली तेव्हा मी कुदळ उचलली. सुनेनं ती माझ्या हातातून काढून घेतली. "आत्या, तुमी बांधावर बसा."

बसले. ती नागमोडी चालली. बरड पट्टीत तिनं दोन खड्डे जास्त घेतले. मुरूम निघाला तो खड्यांसकट टोपल्यात टाकला. माझ्या तोंडावर आलं होतं की अगं, निदान तो मोठा खडा तरी काढ. गिळलं. चोपणातली पांढरी फुटलेली मातीही तिनं घेतली, जी मी शेजाऱ्यालासुद्धा कधी जवळून बघू दिली नव्हती.

पिशवीत चिठ्ठी घालायची होती. मी म्हणाले, "दे, नाव मी लिवते. तेवढं येतंय मला."

"कुनाचं लिवनार?" तिनं विचारलं.

तीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मालकाचं, मग लेकाचं, एवढंच मला ठाऊक. तिनं चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि शेतकऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं.