सभेला गेलेली माझी सही

आख्ख्या सिंधुदुर्गात ज्याला मनापासून भारताचा नागरिक म्हणावं असा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे धाकटे काका. बाकीचे आपण नुसते इथे राहतो. काकांचं नागरिकत्व मात्र सकाळी त्यांच्याबरोबर उठायचं, त्यांच्याबरोबर पेज जेवायचं आणि दुपारी घरापुढच्या खळ्यातल्या आंब्याखाली त्यांच्या शेजारी आडवं व्हायचं. आयुष्यभर त्यांनी वायरमनची नोकरी केली. खांबावरून कायमचे उतरल्यावर आता जरा देशाकडे बघू, अशा बेताने त्यांनी माझ्याकडून आठवीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक मागून नेलं. इथे मला कबूल केलं पाहिजे की मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. माझा खरा विषय भूगोल. पण नागरिकशास्त्राला वेगळा मास्तर कोणी ठेवत नाही, ज्याचे तास कमी भरतात त्याच्या पदरात ते टाकतात. गेली वीसेक वर्षं हक्क आणि कर्तव्यं मी ज्या आवाजात सांगत आलो, त्याच आवाजात घरी बायकोला गॅस संपल्याचं सांगतो. काकांनी तेच पुस्तक घरून आलेलं पत्र वाचावं तसं वाचलं. काही ठिकाणी थांबले, काही ठिकाणी म्हणे डोळे पुसले. मला आजवर त्या पुस्तकात डोळे पुसण्याजोगं पान सापडलेलं नाही.

मतदानाच्या दिवशी काका शिकेकाई लावून न्हायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात ओळखपत्र, आणि केंद्रावर हजर कधी, तर मतदान अधिकाऱ्यांचं दात घासणं चालू असताना. एका वर्षी त्यांना सणसणून ताप होता. काकीने पांघरुणावर पांघरूण घालून त्यांना कोंडून ठेवलं, तर हे पांघरुणासकट मागच्या दाराने गेले आणि घोंगडीतून बोट बाहेर काढून शाई लावून आले. मत कोणाला दिलं हे मात्र विचारायचं नाही. काकी येईल त्या पाहुण्याजवळ हे दुःख उगाळायची, "लग्नाक चाळीस वर्सां झाली. हेंचा पोट कधी बिघडता ता माका म्हायत, हेंका सपान कसला पडता ता माका म्हायत. पण मत कोणाक दिल्यानी ता अजून सांगूक नाय!" यावर काका शांतपणे म्हणायचे, "गुप्त म्हणजे गुप्त गो. माका सुद्धा बाहेर इल्यावर आठवना नाय."

मूलभूत कर्तव्यं अकरा आहेत हे काकांना पाठ होतं आणि ती अकराच्या अकरा ते घरच्या घरी पाळायचे, त्यामुळे घरात राहणं अवघड होई. प्राणिमात्रांवर दया हे कर्तव्य असल्यामुळे माडांवर आलेल्या माकडांना ते दगड मारत नसत. खाली उभे राहून "झाला आता, जावा" अशी समजूत घालत. माकडं ऐकून घेत आणि शहाळी खाली टाकत. समतेच्या हक्कामुळे जेवताना सरंगा माशाच्या तुकड्या सर्वांना सारख्या पडल्या पाहिजेत असा त्यांचा हट्ट, आणि काकीने त्यांच्यासाठी भाताखाली लपवलेली पोटाकडची तुकडी ते सर्वांदेखत उकरून काढून जाहीर करत. गावच्या थांब्यावरची शेड कंत्राटदाराने रस्त्याकडे पाठ करून बांधली होती. आत बसलेल्या माणसाला काजूचं रान दिसे आणि एसटी मागच्या मागे निघून जाई. सगळा गाव वर्षभर हसला. काकांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं की सदर शेड सुस्थितीत असून तिच्या तोंडाबाबतची माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. मी पोट धरधरून हसलो. काका तो कागद निगुतीने घडी घालत म्हणाले, "हसतंस काय? एका वायरमनान विचारला म्हणान सरकाराक टाइप करूचा लागला. ह्या काय थोडा?"

पण त्यांचा खरा जीव होता ग्रामसभेत. आता आमच्या गावची ग्रामसभा कशी चालते ते सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, धामापूरच्या अलीकडे कुठेतरी आहे एवढं पुरे. सभेला कायद्याने शंभरेक माणसं लागतात. येतात पाच. सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, आमचे काका आणि पाचवं कोणीतरी दाखला न्यायला आलेलं. मग सभा तहकूब म्हणायची, काकांना घरी जाऊ द्यायचं, आणि दुपारी हजेरीचं रजिस्टर शिपायाच्या स्कूटरवरून वाडीवाडीला निघायचं. लोक सभेला जात नाहीत म्हणून सभाच लोकांकडे येते, असा हा सोयीचा व्यवहार. शिपाई मोठा गोड माणूस. पडवीत टेकणार, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करणार, चहा घेणार आणि उठताना रजिस्टर पुढे करणार. त्याला नाही म्हणणं म्हणजे दारी आलेलं हळदीकुंकू नाकारल्यासारखं वाटतं. देवळात गाऱ्हाणं घालताना दर वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायची आमची रीत आहे. एकदा ग्रामसेवकाने ठराव जरा हेल काढून वाचला, तर दाखल्याला आलेले दोघे म्हातारे सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळे झाले आणि ठराव एकमताने मंजूर झाला. काका खुर्चीवरून उठून ओरडले होते, "अरे, देवाक म्हणा, पंचायतीक नको! पंचायतीक आधी कित्याक ता विचारा!"

अशाच एका सभेच्या रविवारी मी जेवत होतो. काकीने कुंपणापलीकडच्या घरातून बांगड्याचं तिखलं धाडलं होतं, आणि काकीच्या तिखल्यापुढे मी लोकशाहीच काय, स्वतःच्या बायकोचंही ऐकत नाही. शिपाई दारातून म्हणाला, "जेवा, जेवा मास्तरानू, उठा नकात. डाव्या हातान करा." डाव्या हाताने मला सही जमत नाही. मी उजवा हात ताटाच्या कडेला निपटला, बायकोने रजिस्टर धरलं, आणि मी सही केली. कशावर केली, ते विचारलं नाही. शेजारी अंगठ्याएवढा पिवळा डाग पडला, त्याबद्दल तेवढी माफी मागितली.

पंधरा दिवसांनी काका ठरावाची नक्कल घेऊन आमच्या पडवीत आले. वाडीच्या वरच्या सड्यावर चिरेखाण काढायला ग्रामसभेची हरकत नाही, असा तो ठराव होता. सभेला शंभरावर माणसं हजर होती आणि तो एकमताने झाला होता. आमचा सडा म्हणजे वाडीच्या डोक्यावरचं पठार, दिसायला नुसता कातळ. पण पावसाचं पाणी पोटात धरून ठेवतो आणि खाली वाडीच्या झऱ्याला मे अखेरपर्यंत सोडत राहतो. वीस घरं त्या पाण्यावर आहेत. कातळ कापला की झरा गेला, हे भूगोलाच्या मास्तराला कोणी सांगायला नको होतं. काकांना सगळ्यात लागलं होतं ते वेगळंच. सकाळी प्रामाणिकपणे सभेला जाऊन त्यांनी केलेली सहीसुद्धा त्या एकमतात धरली होती. "म्हणजे माझ्याच सहीन माझ्याविरुद्ध हात वर केल्यान!" ते म्हणाले आणि नावांवरून बोट फिरवू लागले. माझ्या नावाजवळ ते आलं, आणि न थांबता पुढे गेलं. थांबलं असतं तर बरं झालं असतं. मी लगेच चहा ठेवायला आत गेलो. आमच्या घरात चहा मी कधीच ठेवत नाही.

काकांनी तालुक्याला तक्रार केली. तिथून चौकशी लागली. सभेला नसताना सह्या घेतल्या, हे सही करणाऱ्यांनीच सांगितलं तर ठराव रद्द होणार होता, नाहीतर पावसाळा सरला की सड्यावर यंत्र चढणार होतं. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी काका कुंपणाशी आले.

"उद्या येतलंस मा?"

"येतंय तर."

"बरा." थोडा वेळ त्यांनी कुंपणाची एक सुटलेली काठी नीट बसवली. "मी तुका काय सांगूचंय नाय. तुझा तू ठरव," म्हणाले आणि गेले.

मी ठरवलं. रात्रभर काय ठरवत होतो, तर सरपंच आमच्या शाळेच्या समितीवर आहेत हे, आणि 'नागरिकशास्त्राच्या शिक्षकाची खोटी सही' अशी बातमी किती कॉलमांत बसेल हे.

चौकशीला विस्तार अधिकारी बाई आल्या होत्या. प्राथमिक शाळेच्या वर्गात आम्ही सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो होतो. बाई एकेक नाव वाचत आणि विचारत, "त्या दिवशी सभेला हजर होता का?" माणसं सरपंचांकडे बघत आणि "व्हय" म्हणत. माझं नाव आलं. मी उभा राहिलो, आणि आयुष्यभर वर्गात जे ऐकलं तेच माझ्या तोंडून खणखणीत बाहेर पडलं, "हजर!"

बाई रजिस्टर डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या, "सर, तुमच्या सहीशेजारी हा डाग कसला?"

"शाई असेल."

"पिवळी?"

वर्ग हसला. "पण सभेला आपण होतात ना?" बाईंनी पुन्हा, अगदी सौम्यपणे विचारलं. ही मला दिलेली संधी होती, हे तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "होतो." पहिल्या बाकावर काका होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला.

पुढे काही नावांनंतर काकीचं नाव आलं. होय, काकीचीही सही होती! काकांच्या स्वतःच्या घरात, काका नारळ सोलायला मागे गेलेले असताना झालेली. काकी उठली. पदर सारखा केला. "बाईनू, मी सभेक नव्हतंय. घराक कुळीथ निवडी होतंय. शिपाई इलो, चाय दिलंय, सही केलंय. चुकला माझा."

"तुमच्यावर कोणी दडपण आणलं होतं का?"

"दडपण कसला गो बाय? सवय." मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त झोंबलं. "आणि ता शाय नाय. ता माझा तिखला. मीच धाडलेलंय हेका. मेल्या, माझ्या तिखल्याक शाय म्हणतंस?"

वर्ग पुन्हा हसला. पण या हसण्याने काहीतरी मोकळं झालं. मागच्या बाकावरची एक बाई उठली, "मी पण नव्हतंय." मग तिची जाऊ. मग दोघी विहिणी एकदम. "व्हय" म्हटलेले बाप्ये खाली बघू लागले, आणि त्यांतलेही दोन-तीन उभे राहून म्हणाले की आमचंही बदलून लिहा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर?" मी मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी काही लिहिलं नाही. महिन्याभराने ठराव रद्द झाला. सडा वाचला, झरा वाचला. त्या वाचण्यात माझा वाटा काय, तर काकीच्या तिखल्याचा एक थेंब.

चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी लेखी जबाब घेऊन काकांकडे गेलो, 'मी सदर सभेस गैरहजर होतो आणि काल खोटे बोललो' असा. काकांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, फाडतील किंवा पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "तालुक्याक दी. आणि पोच घी. पोच घेतल्याशिवाय इलंस तर परत धाडीन."

"काका, राग इलो?"

"राग नाय रे." त्यांनी जबाबाची घडी घालून तो माझ्या हातात दिला. "तू भियालंस, ता माका दिसला. बाहेरचो भियालो तर मी समजू शकतंय. पण माझ्या घरातलो माणूस खरा बोलूक भिता, म्हणजे इतकी वर्सां मी घरात काय केलंय?" मी तालुक्याला गेलो आणि पोच घेऊन आलो.

आता मी ग्रामसभेला जातो. मागच्या बाकावर बसतो, फारसं बोलत नाही, पण सही तिथेच करतो. पहिल्या बाकावर काका नसतात. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा पार गेला आणि मुलीने दोघांनाही जामसंड्याला नेलं. तिकडच्या मतदार यादीत नाव घालताना त्यांनी म्हणे आमच्या गावच्या यादीतून ते निघाल्याची खात्री तीनदा करून घेतली, आणि त्या रात्री जेवले नाहीत. दर रविवारी त्यांचा फोन येतो. परवा आला तेव्हा मी पडवीत आरामखुर्चीत होतो. मे महिना, अंगाची काहिली.

"झऱ्याक पाणी आसा मा रे?"

"आसा, आसा," मी म्हटलं.

"बघून सांगतंस, की बसल्या जाग्यावरसून?"

मी खुर्चीतून पाय खाली घेतले. काका म्हणाले, "जा, बघून ये. मी थांबतंय."

झऱ्याकडे फोनला रेंज नसते. म्हणून मी तो तसाच चालू पडवीच्या कठड्यावर ठेवला, चपला घातल्या आणि घाटीची उतरती पायवाट उतरलो. जाऊन यायला वीस मिनिटं लागली असतील. परत आलो तेव्हा खात्री होती की फोन केव्हाच बंद झाला असणार. उचलून कानाला लावला.

"काका?"

"आसंय."

"आसा पाणी."

"खंयपर्यंत?"

मी माझ्या पायांकडे पाहिलं. "घोट्यापर्यंत."

"बरा." मग थोड्या वेळाने, "दमलंस काय रे?"

"नाय," मी धापा टाकत म्हटलं. पलीकडे ते हसले, की त्यांनाही थोडा दम लागला होता, ते फोनवरून कळलं नाही.