वऱ्हाडाच्या माळावरची आत्ती

आत्ती कधी कुणाच्या मागं चालली नाही. लग्नाची वरात असो, देवीची पालखी असो, नाहीतर बाजाराला निघालेल्या चार बायका असोत, आत्ती सगळ्यांच्या पुढं. उंची बेताची, दोन्ही पाय गुडघ्यात वाकलेले, पण चाल अशी की मागच्यानं पदर सावरत पळावं. कुणी म्हणालंच, "आवं आत्ती, जरा थांबा की," तर ती न थांबता म्हणायची, "तुमी या सावकास. मागनं चाललं की धुरळा खावा लागतो." आमच्या खटाव भागात धुरळ्याला तोटा नाही, त्यामुळं हे कारण सगळ्यांना पटायचं. मलाही पटलं होतं.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडूज आणि औंधच्या मधल्या एका गावात दिलेली. अंगाची हळद निघाली नाही तोच नवरा गेला. पोरबाळ नाही. सासरची थोडी जिरायत जमीन होती, ती तिनं एकटीनं केली, बांधावरून भावकीशी भांडली आणि दर भांडणात जिंकली. पुढं ती भावकी तिच्याच ओसरीवर चहाला येऊन बसायला लागली. आत्तीचा राग पितळेच्या भांड्यासारखा, लगेच तापायचा आणि लगेच निवायचा. फक्त एका गोष्टीवरचा तिचा राग कधी निवला नाही, ती म्हणजे वऱ्हाडाचा माळ.

गावातून औंधला जाणारी सरळ वाट ह्या माळावरून जाते. तिथं कमरेएवढ्या काळ्या दगडांचं एक मोठं रिंगण आहे आणि वाट बरोबर त्याच्या मधून गेलेली आहे. ते कुणी मांडलं, कशासाठी मांडलं, कुणालाच माहीत नाही. पण गाव असं कधी म्हणायचं नाही. गावाच्या लेखी ते वऱ्हाड. एका विधवा बाईनं दुसरं लग्न केलं, दिवसाढवळ्या वाजतगाजत निघाली, माळावर आल्यावर तिनं एकदा मागं वळून पहिल्या घराकडं पाहिलं आणि देवीच्या कोपानं सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. तिरका कललेला दगड ती नवरी, शेजारचा नवरा, सगळ्यांत उंच तो नवऱ्याचा मामा आणि आडवा पडलेला हलगीवाला. हलगीवाल्याचा ह्यात काय गुन्हा होता, हे लहानपणी आत्तीकडं सुट्टीला आले असताना मी पुष्कळांना विचारलं, कुणी सांगितलं नाही.

त्या वाटेनं जाणारी बाई नवरीच्या दगडाला एक खडा मारायची आणि मागं न बघता पुढं जायची, अशी रीत होती. नव्या नवरीला तर तिथून नेतच नसत. लग्न लागलं की जोडपं औंधच्या यमाईला पाया पडायला निघायचं, ते ओढ्याकडच्या लांबच्या आडवाटेनं. आत्तीनं कधी खडा मारला नाही. उलट नवरीच्या दगडाखाली खड्यांचा ढीग साचला की ती पाटी घेऊन जायची, खडे भरायची आणि वाटेतल्या खड्ड्यात ओतायची. "वाट तरी नीट व्हईल," म्हणायची. बायका तिला नावं ठेवायच्या आणि त्याच बुजवलेल्या खड्ड्यावरून बाजाराला जायच्या.

मला तासगावकडं दिलं होतं. द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड, सगळं चांगलं चाललेलं. एका दुपारी माझा नवरा मोटारसायकलवरून जो गेला तो परत आलाच नाही. माझे आईवडील आधीच गेलेले. दिवसकार्य झाल्यावर आत्ती एस्टीनं तासगावला आली, माझ्या सासूच्या हातचं पाणी प्याली, माझी पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल." स्टँडपर्यंत ती पुढं आणि मी मागं. त्या वेळी मला कुठं जायचं हे विचारायचंही त्राण नव्हतं. कुणीतरी पुढं चालतंय एवढं मला पुरे होतं.

पहिले काही महिने तिनं मला काही म्हटलं नाही. मग एकदा ओसरीवर ज्वारी पाखडताना म्हणाली, "तुझं लगीन करायचं हाय." मी नाही म्हणाले. "आत्ता न्हाईच म्हणशील. म्हण. मी तवर स्थळ बघती." मी रडायला लागले, तशी ती सूप थांबवून बोलली. तिलाही एकदा मागणी आली होती. शेजारच्या गावचा माणूस, बायको वारलेला. आत्ती तेव्हा विशीतली. सासऱ्यांनी त्याला दारातूनच परत लावलं. गावचं एक वऱ्हाड आधीच माळावर उभं आहे, दुसरं नको, म्हणाले. "माणूस बरा हुता गं," एवढंच आत्ती बोलली आणि पुन्हा सूप हलवायला लागली. ज्वारी तर केव्हाचीच पाखडून झाली होती.

तेव्हापासून तिनं कंबर कसली. माझ्या लग्नाच्या आड कोण येणार, तर ते दगड, हे तिनं ओळखलं होतं. म्हणून त्या दगडांची दुसरी कुठलीही गोष्ट जो कोणी सांगेल, त्याला ती धरून बसवायची. मेंढरं घेऊन आलेल्या म्हाताऱ्या धनगरानं सांगितलं, "ही बिरूबाची मेंढरं बसायची जागा. देवाचा वाडा हाय ह्यो." त्याला आत्तीनं भाकरी वाढली. गावचा गुरव म्हणाला, पांडव वनवासात इकडं होते तेव्हाचं हे भीमाचं खळं, ह्यात तो ज्वारी मळायचा. त्याला चहा दिला. कुणी शहरातला माणूस कंपास घेऊन आला, म्हणाला, हे पूर्वीच्या लोकांचं पंचांग, उन्हाच्या सावलीवरून पेरणीची वेळ कळायची. त्यालाही चहा दिला. पवनचक्कीवर काम करणाऱ्या एका पोरानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, की परग्रहावरून माणसं आली आणि त्यांनी हे दगड लावले. आत्तीनं शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "लय लांबनं आली बिचारी. कुणी पाणी तरी इचारलं का त्यास्नी?"

मग पुण्याहून एक प्राध्यापक आले. टोपी, गळ्यात कॅमेरा, बोलायला फार सभ्य. दिवसभर त्यांनी दगड मोजले, मापं घेतली. आत्ती रिंगणाबाहेर उन्हात बसून होती. संध्याकाळी त्यांनी तिला समजावून सांगितलं, की ही फार जुन्या काळच्या माणसांची पुरण्याची जागा असावी, पण खोदल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. आत्तीनं एकच प्रश्न विचारला. "त्ये ऱ्हाऊ द्या सायेब. ह्यात वऱ्हाड हाय का न्हाई, तेवढं सांगा." प्राध्यापक हसले, म्हणाले, "आजी, वऱ्हाड कसं असेल?" त्या रात्री त्यांना आमच्याकडं पिठलं-भाकरी आणि वर दोन अंडी होती.

हे सगळं ज्ञान आत्ती गिरणीवर दळण टाकताना वाटायची. त्यात तिची भेसळही व्हायची. एकदा तिनं भीमाला मेंढरं राखायला लावलं आणि बिरोबाला ज्वारी मळायला. मी घरी येऊन तिला सांगितलं, तर म्हणाली, "आसू दे. दोघं बी कष्टाचीच कामं."

मग स्थळ आलं. वडूजला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान, माणूस शांत, उशिरापर्यंत लग्न राहिलेलं. आमचे हे. पहिल्या भेटीत त्यांनी मला तासगावच्या बागेला पाणी कुठून येतं ते विचारलं, माझ्या नवऱ्याचं नाव विचारलं आणि दोन्ही उत्तरं नीट ऐकून घेतली. मला त्यांचा तो स्वभाव आवडला. त्यांच्या आईचीही ना नव्हती, पण तिच्या कानावर माळाची गोष्ट गेली. तिनं निरोप पाठवला: लग्न करू, पण तिन्हीसांजेला, चार माणसांत, आणि पाया पडायला जायचं ते आडवाटेनं.

आत्ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं मला घेऊन वडूजला. उंबऱ्यात पाय टाकला आणि म्हणाली, "ईन्बाई, आडवाटंनं न्यायला माझी पोरगी काय चोरून आणलीया व्हय?" मग खाली बसून तिनं सगळं सांगितलं. मेंढरं, खळं, पंचांग, प्राध्यापक. परग्रहही सोडला नाही. माझ्या होणाऱ्या सासूबाई गोंधळून गेल्या. त्यांनी विचारलं, "मग नक्की काय हाय तितं?" आत्ती म्हणाली, "काय बी आसू दे. वऱ्हाड न्हाई, ह्यावर सगळ्यांचं एकमत हाय." सासूबाई नकाराची मान हलवायला लागल्या तशी आत्तीनं शेवटचं सांगितलं, "मी पुढं चालती. मला काय झालं तर तुमी मागल्या मागं फिरा." सासूबाई उठल्या आणि तारीख बघायला कॅलेंडर घेऊन आल्या.

लग्न आत्तीच्या अंगणात झालं, भर दुपारी, मांडव घालून. जेवणं उरकली आणि आम्ही औंधला निघालो. माळाच्या कडेला येईपर्यंत हलगी जोरात होती. तिथं ती थांबली. हलगीवाला म्हणाला, "बाकीच्यांचं तुमी बघा. आडवा पडलाय त्यो आमच्यातला हाय." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मागून येणारी गावची माणसंही एकेक करून थबकली. मला पुढचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. तासगावचं घर आठवत होतं, आणि आपण कुणावर तरी संकट आणतोय असं वाटत होतं. खरं सांगते, त्या क्षणी कुणी आडवाटेनं चल म्हटलं असतं तर मी निमूट गेले असते.

आत्ती थांबली नाही. नवं लुगडं जरा वर खोचलं आणि रिंगणात शिरली. सरळ मधोमध गेली, नवरीच्या दगडाच्या शेजारी. तिथं मात्र ती उभी राहिली आणि मागं वळली. जे करायचं नाही तेच तिनं केलं. आमच्या सगळ्यांवरून तिची नजर फिरली, सावकाश, एकेकाच्या तोंडावरून. तिचा चेहरा असा काही झाला होता की मला वाटलं ही आता गावाला शिव्या देणार. पण ती एवढंच म्हणाली, "या." ह्यांनी माझा हात धरला आणि आम्ही आत गेलो. सासूबाई आल्या. मग मागं हलगी वाजायला लागली आणि तो गडी डोळे गच्च मिटून, वाजवत वाजवत, आडव्या दगडाला वळसा घालून आला.

आता त्या माळावर गर्दी असते. लग्न ठरलेली पोरंपोरी फोटो काढायला येतात, नवरीच्या दगडावर हात ठेवून हसतात. खडा मारायची रीत कधी मोडली ते कुणाच्या ध्यानातही नाही. आत्तीला मात्र ते फोटो आवडत नसत. "दगडावर रेलायचं कशाला? हुबं ऱ्हावा की नीट," म्हणून तिनं एका जोडप्याला हाकललंही होतं.

मागच्या उन्हाळ्यात तेच प्राध्यापक परवानगी काढून पुन्हा आले आणि त्यांनी रिंगणाच्या एका कडेला खोदलं. खाली काळी-तांबडी मडकी निघाली, गंजलेलं लोखंड निघालं आणि हाडं. फार जुनी माणसं, म्हणाले. आपल्यातलं कुणी गेलं की सगळ्यांनी मिळून लांबून दगड ओढून आणायचे आणि त्याच्याभोवती उभे करायचे. आत्ती तेव्हा अंथरुणाला लागलेली. मी वडूजहून धावत आले, तिच्या बाजेवर बसले आणि सगळं सांगून म्हटलं, "आत्ती, तू जिंकलीस. वऱ्हाड नव्हतंच."

तिनं आढ्याकडं बघितलं. मग तिनं केवढा तरी श्वास सोडला. "म्हंजी खरंच न्हवतं व्हय?"

मला कळेना. म्हटलं, "तूच तर सांगत होतीस सगळ्या गावाला."

"सांगत हुते. पर मला वऱ्हाडच वाटायचं गं. ल्हान वयात ऐकल्यालं, जातंय व्हय मनातनं?"

"मग त्या दिवशी पुढं का चाललीस?"

"दगड व्हायचा आसंल तर पैला माझा व्हावा. तुमी तवर मागं फिरला आसता."

तिचा तो रिंगणातला चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला. इतकी वर्षं मी त्याला राग समजत होते. मी विचारलं, "आणि मागं वळून का बघितलंस? मुद्दाम?"

"बघायला नगं? तुला काय झालं का, जावयाला काय झालं का, कळायचं कसं?" मग म्हणाली, "दगड वढून आणायची म्हंतीस. आपल्या माणसासाठी. म्हंजी माणसं बरी हुती ती." आणि तिनं कूस बदलली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत कितीतरी वेळ रडत बसले, आणि ती झोपेचं सोंग करून पडून राहिली.

आत्ती गेली ती ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत. तिरडीपुढं विस्तवाचं मडकं कोण धरणार म्हणून भावकीत कुजबुज सुरू झाली. भाची आहे, पण बाई माणूस, त्यातही दुसऱ्या लग्नाची. मी कुणाला विचारलं नाही. मडकं उचललं आणि चालायला लागले. ओढ्याकडच्या वळणावर मागचे पाय ऐकू येईनात. मडकं धरलेल्यानं मागं बघू नये म्हणतात. मी थांबले आणि वळून बघितलं. सगळे येत होते, आत्तीला घेऊन.