धाकटीला आधी

आमच्या थोरल्या साडूंसारखा वाटणीवेडा माणूस भूम तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि देव करो, पुन्हा होऊही नये! पुढ्यात एक भाकरी आली तरी हा बाबा तिचे दोन वाटे करणार आणि मला म्हणणार, "उचला. वाटे थोरल्यानं करायचे, आधी उचलायचं धाकट्यानं." हीच रीत पाळून त्यांनी ईट गावातल्या आपल्या रानाची वाटणी केली. धाकट्या भावानं विहिरीचा वाटा उचलला, यांना राहिले दगड. त्यात वर्षामागून वर्ष दुष्काळ. घर चाललं होतं ते दूध संघातल्या नोकरीवर.

त्या संघात कॉम्प्युटर आला. साडू त्याच्यापुढं चपला काढून बसायचे. आत डॉस नावाची सिस्टीम होती, तिला येत होतं फक्त इंग्रजी. प्रौढ वर्गात नुकतंच आपलं नाव वाचायला शिकलेल्या बाया दूध घालून पावती उलटीसुलटी धरायच्या. "दादा, ह्यात माझं नाव कुठं हाय?" साडूंच्या ते फार जिव्हारी लागायचं. पुण्याच्या कुणाकडून तरी त्यांनी मराठी अक्षरं दाखवणारी दुसरी सिस्टीम फ्लॉप्यांवर मिळवली.

"दोघी एकाच मशिनीत नांदत्यात. सुरू करताना इचारायचं, आज पाळी कुणाची? विहिरीवर न्हाईत का पाळ्या?"

"साडूभाऊ, आधी संघाच्या साहेबांना विचारा," मी म्हटलं. ऐकतात कसले!

रविवारी मला शेजारी बसवून त्यांनी डिस्कचे दोन वाटे केले. मशिनीनं विचारलं, नवी सिस्टीम कुठल्या वाट्यात टाकू? साडू म्हणाले, "धाकटीला आधी," आणि पहिला वाटा देऊन मोकळे झाले. अहो, पहिल्या वाट्यात डॉस होती, संघाचं सगळं काम होतं! ते पुसून धाकटी तिथं ऐसपैस बसली. मी कपाळाला हात लावला. सोमवारी साडूंची नोकरी गेली.

ईटच्या गाडीची वाट बघत आम्ही भूमच्या स्टँडवर बसलो होतो. मी वैतागून म्हणालो, "आता जा, भावाच्या विहिरीवर पाळी मागा."

"दिल्या वाट्यात पुन्हा हात घालत न्हाईत."

गाडी लागली. साडू चढले आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "पन अक्षरं उमटली हुती. व्हय ना?"

"उमटली होती," मी म्हणालो. त्या रविवारी पडद्यावर त्यांनी पहिलं नाव उमटवलं होतं ते पावती उलटी धरणाऱ्या एका बाईचं. तिनं ते कधी पाहिलंच नाही.