मूकपट आणि बायकोचा अबोला

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत मी सासऱ्यांसाठी पेणहून रोह्याला मूर्ती नेली. जावई मूर्तींच्या पेणचा, म्हणून मोठ्या तोऱ्यात निवडली होती. ती निघाली उजव्या सोंडेची. म्हणजे कडक सोवळं. सासूबाई ओलेत्याने स्वयंपाक करत राहिल्या, पूजा होईपर्यंत सासऱ्यांचा चहा बंद झाला आणि बायकोने माझ्याशी अबोला धरला.

विसर्जन झालं तरी तो सुटेना. शेवटी शाळेच्या हॉलमध्ये एक जुना मूकपट दाखवणार होते, तिथे तिला नेलं. पापी नवरा, पश्चात्ताप आणि क्षमा, असा सगळा माझ्या सोयीचा मामला. नायक गुडघ्यांवर कोसळला, बायकोने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी लगेच रुमाल काढून मोठा हुंदका दिला.

पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बायकोला म्हणाली, "गो, याला पाणी दे."

बायकोने पाणी दिलं नाही, पण बोलली. "तिला आवाज नाय म्हणून तो सुटला. मला हाय."

घर येईपर्यंत ती थांबली नाही. सोंडेपासून सुरुवात करून साखरपुड्यापर्यंत मागे गेली. मी अधूनमधून "व्हय" म्हणत होतो आणि मनातून खूश होतो.