बापू चव बघतात!

लग्नाच्या हॉलवरून सामान परत आणताना टेम्पोत दोन-चार पळ्या कमी भरतात आणि दोन-चार किस्से जास्त! आमच्या डोंबिवलीच्या केटरिंगच्या धंद्यात हे कायमचंच. पळ्यांचा नाद मी केव्हाच सोडला. किस्से मात्र साठतच गेले. त्यातले निम्मे आमच्या बापूंचे, आणि बापूंच्या किश्श्यांतले निम्मे ऑपरेशननंतरच्या चार महिन्यांतले.

बापू म्हणजे आमचे मुख्य आचारी. मूळचे राजापूरकडचे, राहायला कोपरला, वजन एकशे सेहेचाळीस किलो. ऑर्डरी घेणं, याद्या करणं माझ्याकडे. चुलीपुढे राज्य बापूंचं.

बापूंची एक पद्धत होती. स्वयंपाक झाला, नैवेद्याचं पान देवापुढे ठेवलं, की ते उपड्या पातेल्यावर बसायचे आणि म्हणायचे, "आणा, चव बघतो!" मग भरलेलं पान यायचं. मसालेभात, आमटीच्या तीन वाट्या, डझनभर जिलब्या, वर मठ्ठा. बापू डोळे मिटून सगळं संपवायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "हं, वाढा!" तोवर एक वाढपी जागचा हलत नसे. पंगत ताटकळली तरी चालेल!

मग वैशाखातल्या एका लग्नात बापू कढईपुढे उभ्या उभ्या झोपले. हातात जिलबीचं फडकं, डोळे मिटलेले आणि घोरणं सुरू! आम्ही सगळे हसलो. सुमनवहिनी, म्हणजे बापूंची बायको, हसल्या नाहीत. त्या नवऱ्याला हाताला धरून मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, सोबतीला मी. साखर, दम, झोपेत अडकणारा श्वास, सगळं तपासून डॉक्टर म्हणाले, "पोट लहान करायचं ऑपरेशन करू."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. असलं काही आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं. बापूंनी एकच विचारलं, "तुळशीच्या लग्नापर्यंत उभा राहीन ना?" आषाढात मुहूर्त संपतात ते तुळशीचं लग्न लागेपर्यंत. तेवढीच आमची सुट्टी.

"राहाल की! पण एका वेळी अर्ध्या वाटीच्या वर खाता येणार नाही."

परत येताना बापूंनी ओंजळ करून अर्ध्या वाटीचा अंदाज घेतला. मग म्हणाले, "संपलं रे विनू. चव बघणं संपलं."

खरं सांगतो, मला भीती वाटली. बापूंच्या त्या चव बघण्यावर आमची वीस घरं चालत होती.

*

ऑपरेशन नीट झालं. पहिले काही दिवस फक्त पाणीदार, गाळलेलं द्यायचं, असा हुकूम होता. हॉस्पिटलचं डाळीचं पाणी आलं. बापूंनी चमचाभर तोंडात घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पोटावर वीतभर टाके, त्यांचं काही नाही. दुःख फोडणीचं!

दुसऱ्या दिवशी वहिनींनी आमसुलाचं सार आणलं. श्रीखंडाचा चक्का बांधायच्या फडक्यातून तीनदा गाळलेलं. सिस्टरने भांडं उजेडाकडे धरून बघितलं, आरपार दिसत होतं, तेव्हा परवानगी मिळाली. बापू दर पंधरा मिनिटांनी दोन चमचे घ्यायचे. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने वास घेतला, मग त्याच्या पलीकडच्याने. तिसऱ्या दिवशी वहिनी मोठी किटली घेऊन येऊ लागल्या.

शनिवारी डॉक्टर राउंडला आले, त्यांनीही अर्धा कप घेतलं. मग फाइल मिटून म्हणाले, "तब्येत उत्तम आहे. डिस्चार्ज दोन दिवस लांबवू का?"

*

आमच्याकडे भाजी चिरायला आणि पुऱ्या लाटायला पारूमावशी असायच्या, बाळकुमच्या कोळीण. बापू घरी आल्याचं कळलं तशा त्या स्टीलचा डबा घेऊन कोपरला हजर! डब्यात निवटीचं कालवण. निवटी म्हणजे खाडीतली छोटी मासळी.

"आमचेत बालंतिनीला देतान. टाके लवकर भरतान," मावशी म्हणाल्या.

बापूंचं घर पक्कं शाकाहारी. देवघरात समई लावलेली. मी वहिनींकडे बघायचं टाळलं. वहिनींनी डबा दोन्ही हातांनी घेतला, "बसा, चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

चार दिवसांनी तो डबा धुऊन, पुसून, वर आवळा सुपारी घालून परत गेला. आत काय झालं ते कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. एवढंच की बापूंचे टाके फार लवकर भरले!

*

पुढे मऊ खाण्याची परवानगी मिळाली. "मुगाची खिचडी, पातळ, अर्धी वाटी," असं डाएटच्या बाईंनी कागदावर लिहून दिलं. बापू म्हणाले, "माझं मी करीन." ओझं उचलायला बंदी होती, ढवळायला नव्हती.

आता बापूंचा हात पन्नास माणसांच्या खाली कधी गेलेलाच नाही. घरात कायम वहिनींनी रांधलं. बापूंनी मूठ मूठ करत तांदूळ घेतले, डाळ घेतली, पाण्याचा अंदाज धरला, आणि खिचडी झाली पातेलंभर! त्यातली अर्धी वाटी बापूंनी खाल्ली, तीही पाऊण तास लावून. उरलेली बिल्डिंगमध्ये वाटली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बापू रोज म्हणायचे, "आज अंदाज बरोबर येतोय."

पंधरा दिवसांनी पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर नाना खिचडीची वाटी घेऊन वर आले आणि हात जोडून म्हणाले, "बापू, ऑपरेशन तुमचं झालंय हो! पथ्य आख्ख्या बिल्डिंगला का?"

*

दर रविवारी वजन करायचं होतं. घरगुती काटा बापूंना पुरेना. मग आमचा कांदे-बटाटेवाला शेठ कामाला आला. कल्याणच्या बाजारात त्याच्या वखारीत गोणी तोलायचा मोठा काटा होता. बापू त्यावर उभे राहायचे.

पहिल्या रविवारी शेठने वजनं बघितली आणि सवयीने ओरडला, "एकशे चौतीस! बारदान दीड किलो वजा!"

बारदान म्हणजे गोणपाट. मालासोबत ते तोललं जातं, म्हणून वजनातून काढून टाकायचं. बापूंना ही कल्पना फारच आवडली. पुढच्या रविवारी त्यांनी चपला वजा करायला लावल्या. मग पोटाला बांधलेला पट्टा. मग खिशातलं पाकीट आणि सकाळचा चहा!

महिन्याने तपासणीला गेलो. बापूंनी वखारीतला आकडा ऐटीत सांगितला. हॉस्पिटलच्या काट्याने तीन किलो जास्त दाखवलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. "हे कसं वाढलं?"

बापू मला म्हणाले, "एवढं मोठं हॉस्पिटल, आणि बारदान धरत नाहीत?"

*

भाद्रपद सरला तसे बापू थोडे बाहेर पडू लागले. ठाण्याला मेव्हण्याच्या शेजाऱ्यांकडे सत्यनारायण होता. तिथे वाढायला नेमका आमच्याच हाताखाली तयार झालेला वाढपी, सदा.

बापू वाढप्यांना शिकवायचे, "लोक लाजतात. पानावर हात आडवा आला तर वाटीत वाढा. वाटी झाकली तर हातावर वाढा!" सदा जिलब्यांचं ताट घेऊन आला. बापूंनी पानावर हात आडवा धरला. दुसऱ्या हाताने वाटी झाकली. सदाने आडव्या हातावर जिलबी ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, तुम्हीच शिकवलंय!"

वहिनींनी डोळे मोठे केले. बापूंनी अर्धी जिलबी त्यांच्या पानात टाकली आणि उरलेली खायला घेतली. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा, असा डॉक्टरांचा नियम. पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली, बापूंची अर्धी जिलबी चालूच! यजमान लांबून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "इतकं चवीने जेवलेला माणूस आमच्या घरात पहिल्यांदाच बघितला."

*

आणि तुळशीचं लग्न लागलं.

पहिली ऑर्डर टेंभी नाक्याजवळच्या हॉलची, पाचशे पानं. मुलीच्या आजोबांनी थोरल्या नातीच्या लग्नात बापूंचं ते चव बघणं बघितलेलं, जेवण जेवलेलं, म्हणून हट्टाने आम्हालाच बोलावलेलं. मला आदल्या दोन रात्री झोप नव्हती. बापूंची चव गेली असेल तर आमचं पुढे काय, हा एकच विचार. मी गुपचूप तयारी केली. चव बघायला आमची कमिटी: मी, पारूमावशी आणि सुमनवहिनी.

बापू पहाटेपासून चुलीपुढे होते. झब्बा अंगावर लोंबत होता, पण हात तसाच चालत होता. साडेअकराला नैवेद्य झाला. बापू सवयीने उपड्या पातेल्यावर जाऊन बसले. वहिनींनी त्यांच्या हातात आमटीची अर्धी वाटी दिली.

तेवढ्यात आजोबा आत आले. "आचारी कुठायत?"

"हा काय इथे," बापू म्हणाले.

आजोबा बघतच राहिले. "अहो, अर्धे झालात की! आता चव कोण बघणार?"

मी पुढे झालो. "आजोबा, आम्ही बघतो."

मी आमटी चाखली. "मीठ कमी वाटतंय."

पारूमावशींनी चाखली. "कमी? जास्त हाय!"

वहिनी म्हणाल्या, "मला तर बरोबर वाटतंय."

आजोबांचा चेहरा उतरला. बाहेर पानं मांडलेली, पाचशे माणसं भुकेली. मी बापूंपुढे वाकून म्हटलं, "बापू, एक चमचा घ्या. तुम्हीच सांगा. मीठ घालू का?"

बापूंच्या हातातल्या वाटीला त्यांनी तोंडही लावलं नव्हतं.

"नैवेद्य झाला ना?"

"झाला."

"मग? नैवेद्य दाखवल्यावर पातेल्यात कोणी मीठ घालतं का?"

"पण तुम्ही तर रोज नैवेद्यानंतरच चव..."

"विनू, वीस वर्षं माझ्यासोबत आहेस. चव बघून झाल्यावर मी कधी चिमूटभर मीठ टाकलेलं बघितलंयस?"

मी एकेक लग्न आठवायला लागलो. कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुंजी, बारशी. आठवतच राहिलो.

"हं, वाढा!" बापू ओरडले.

पंगत बसली. आजोबांनी आमटी तीनदा मागून घेतली, चौथ्यांदा वाटी हातात घेऊन स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात आले. बापू अजून त्या पातेल्यावर बसून अर्ध्या वाटीतला तिसरा चमचा घोळवत होते.

पारूमावशी कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "मंग वीस वरसां रोज येवरा पानभर जेवायचास, त्ये कशाला रं?"

बापूंनी चमचा खाली ठेवला.

"भूक लागायची, मावशी!"