उभ्या पायाचं माप

सकाळपासून कोरडा, बोचरा वारा सुटला होता. ओलं करून ठेवलेलं कातडं पुठ्ठ्यासारखं ताठ झालेलं. मापमावशी ते मांडीवर घेऊन चोळत बसली होती. एक पाय लहान एक मोठा, बोटं वाकलेली, अशा पायांचे जोडे करण्यात तिची उमर गेली.

शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई लंगडत आत आल्या आणि त्यांनी आठवड्यापूर्वी पोस्टाने मिळालेला जोडा काढला. करंगळीला जखम. साखरेच्या आजारानं पाय बधिर. जोडा चावतोय हे मोजा लाल झाल्यावर कळलं. माप कसं घेतलं, मावशीनं विचारलं. तुमच्या वेबसाइटवर लिहिलंय तसंच, बाई म्हणाल्या, आरामात बसून.

मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. अंगाचा भार पडला की पाय पसरतो, म्हणून तिनं ‘उभं राहून’ असंच सांगितलं होतं. साइट सांभाळणाऱ्या कंपनीतल्या कुणा दीडशहाण्यानं वाक्य गोड करून टाकलं. बदला, बदला म्हणून ती किती वेळा कानीकपाळी ओरडली. उत्तर एकच, तुमची विनंती रांगेत आहे. साइट कंपनीच्या बंद यंत्रणेत. स्वतःच्या दुकानाचा एक शब्द हिला बदलता येईना, आणि सोडून जायचं तर पानं आमच्याकडेच राहतील, हे वर ऐकून घ्यायचं!

कंपनी आणली होती धाकट्या भावानं. त्याची मुलगी मात्र केव्हाची सांगत होती की आत्या, जिचा कोड सगळ्यांना खुला आहे, वापरणारेच मिळून जी सांभाळतात, ती यंत्रणा घेऊ. त्या लोकांच्या चर्चेच्या पानावर तिनं विचारूनही ठेवलं होतं. एका रोपवाटिकावाल्यानं आडपडदा न ठेवता लिहिलं, यात जादू नाही, देखभाल तुम्हालाच करावी लागेल, पण मजकूर तुमचा, हवा तेव्हा उचलून न्या.

भाऊ खोकी बांधता बांधता म्हणाला, “आणि बिघडलं तर कुणाची कॉलर धरायची, ताई?”

“आत्ता कुणाची धरलीस रे? यांच्या बोटाकडे बघ आणि सांग.”

भावानं बघितलं. दिसायला साधीच असेल ती नवी साइट, एवढं पुटपुटला.

“मी कुठं तिला नाचायला उभी करणारेय.”

बाईंची जखम बांधून, नवा जोडा बिनपैशाचा करून देते म्हणून तिनं त्यांना दवाखान्यात धाडलं. साइटचा पत्ता नशिबानं भावाच्याच नावावर होता, तेवढा भाचीनं नव्या यंत्रणेकडे वळवला. दुपारी एकच पान तयार झालं, बिनफोटोचं. मावशीनं एका बोटानं टाइप केलं: माप संध्याकाळी, उभं राहून घ्या. खाली आणखी लिहिलं: आधी इथं चुकीचं छापलं होतं. बसून माप दिलं असेल तर जोडा घालू नका, आम्हाला फोन करा.

भाऊ कळवळला. धंद्याची अब्रू जाईल, म्हणाला.

“ती करंगळीतून वाहून गेली सकाळीच.”

पान साइटवर लागलं. राग मात्र उतरला नव्हता. मावशीनं सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि ब्रशचे चिकटलेले केस एकेक करून सोडवायला घेतले.