कॅरिअरवरचे बावन्न किलो

गिरणीत बसणाऱ्या बाईच्या भुवया पांढऱ्या होतात, त्या काही वयानं नाही. पीठ उडतं आणि बसतं. शेजारपाजारच्या गोष्टींचंही तसंच. मी कोणाच्या घरात डोकावायला जात नाही. पण माझ्या गिरणीची खिडकी नेमकी जायभाये सरांच्या ओसरीसमोर उघडते, त्याला मी काय करू? लोक डबे ठेवून जातात, पट्टा फिरत राहतो, आणि समोर जे जे होतं ते अंगावर बसत जातं. कितीही झटका, थोडं राहतंच.

सर म्हणजे आमच्या लोणारच्या शाळेतले विज्ञानाचे सर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या एका सायकलीपायी दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत जे जे झालं, तेवढंच सांगते.

*

सायकल विलायती. तीसेक वर्षांखाली एक गोरा माणूस सायकलवर देश फिरत आमचं तळं पाहायला आला आणि इथं त्याचं पोट बिघडलं. सर त्याला घरी घेऊन आले. शोभाताईंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, त्याला आठ दिवस मऊ भात आणि ताक घातलं. माणूस बरा झाला, पण सायकलवर बसायची त्याची हिंमत काही परत आली नाही. सायकल सरांच्या ओसरीला टेकवून तो एसटीनं निघून गेला.

शोभाताई बायांना सांगायच्या, "ताक पिऊन गेला अन् अठरा गेअर ठेवून गेला."

पुढं तीन चकत्या, मागं सहा, त्यांचे म्हणे अठरा गेअर. शोभाताईंना मात्र त्या सगळ्या सायकलीत एकच गोष्ट पसंत पडली, मागचं कॅरिअर. लांबच्या प्रवासाचं सामान लादायचं, म्हणून चांगलं भक्कम होतं. दर रविवारी पाच वाजता त्यावर सतरंजीची घडी पडायची, शोभाताई एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि दोघं तळ्याच्या काठावर हवा खायला निघायचे.

माझ्या गिरणीसमोर स्पीड ब्रेकर आहे. तिथं आले की सर मान न वळवता म्हणायचे, "धरून बस."

आणि शोभाताईंचं मागून ठरलेलं, "बसली वो. तुमी समोर पाहा."

इतकी वर्षं. एक रविवार चुकला नाही. मी घड्याळ पाहायचं सोडून दिलं होतं, त्या दोन वाक्यांवर गिरणी बंद करायची.

*

मग पुण्याला सुनेचं बाळंतपण निघालं. शोभाताई दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. जाताना माझ्या काट्यावर बॅग मोजली, मग नेहमीसारख्या स्वतः उभ्या राहिल्या. काटा बावन्नवर थांबला. "आल्यावर पुन्हा मोजू, पुण्याचं पाणी लागते का पाहू," म्हणाल्या.

नात आता शाळेत जायला लागली.

सर दोन वेळा पुण्याला जाऊन आले. तिथं त्यांना गमत नाही. सहाव्या मजल्यावर माणूस काय करणार? म्हणून इकडं एकटे. सायकल ओसरीत दोन खुंट्यांवर टांगलेली. सरांना कानानं थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळं फोन नेहमी स्पीकरवर. मी कान देत नाही, कान आपले जातात.

सप्टेंबरात एका सकाळी शोभाताईंचा आवाज अख्ख्या गल्लीत आला. दिवाळीला येते, आठ दिवसांसाठी. आणि मग हसत हसत, "सायकल हाय का वो अजून? चालू असली तर चार दिवस जास्त राहीन. दोन रविवार सापडतीन."

बाई गमतीनं बोलली असेल. सरांनी फोन ठेवला, स्टूल आणलं आणि सायकल खाली काढली.

*

चेन गंजून कडक झाली होती. पायडल मारताच तुटली. सरांनी शिस्तीनं ती तुटकी चेन त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकली आणि दिगंबर मिस्त्रीकडून नवी बसवून घेतली.

दिगंबरचं दुकान चौकात. आता तिथं मोटारसायकलीचे पंक्चरच जास्त निघतात. अठरा गेअरची सायकल पाहून त्यानं हात धुऊन काम केलं, पुसून केलं. सर ऐटीत निघाले. सपाट रस्त्यावर ठीक. चढ लागला, सरांनी जोर दिला, आणि खडाक्! चेन दातांवरून सटकली. पुन्हा जोर, पुन्हा खडाक्. गुडघा हँडलला लागला. सर सायकल हातात धरून परत आले.

दिगंबरनं मागची चकती बोटानं चाचपली आणि विचारलं, "जुनी चेन कुठी हाय?"

"भंगारात देली."

"काऊन देली, सर? तीच जोडून चालली असती. चेन अन् दात, दोघं संगंसंगं झिजले होते. एकीची खोड दुसऱ्याले माहीत होती. आता नवी आणली तर तिले या चकतीचे दात ओळखू येऊन नाही राह्यले."

सर विज्ञानाचे. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. वर्गात शिकवलं नव्हतं एवढंच. मग त्यांनी मला ओसरीच्या फरशीवर खडूनं समजावलं. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंचांत बसतात. झिजली की तेवढ्याच कड्या जास्त जागा घेतात. चेन लांबते.

मी म्हटलं, "माझा पट्टाबी लांबते."

"तुमचा पट्टा ताणून लांबते, वहिनी. ही झिजून लांबते."

हा फरक मला त्या दिवशी कळला नाही. पण लक्षात राहिला.

*

आता मागची दातांची चकती, जिला हे लोक फ्रायविल म्हणतात, ती बदलायची. ती निघेना. रोजच्या पायडलनं ती इतकी वर्षं आवळत गेलेली. काढायला खास पाना लागतो आणि तो त्या गोऱ्यानं काही ठेवला नव्हता. दिगंबर छिन्नी घेऊन आला. सर आडवे आले. "माझ्या चाकाले छिन्नी लावायची नाही."

दोन दिवस दिगंबर रुसला. तिसऱ्या दिवशी स्वतःच आला, कानस मारून मारून एका जुन्या लोखंडी नळीला दोन खाचा पाडून आणल्या होत्या. ती नळी माझ्या गिरणीतल्या शिकंज्यात पकडली, तिच्यावर चाक आडवं ठेवलं, खाचा बसवल्या. आता पकडून चाकच उलटं फिरवायचं. एकट्यानं होईना. दोघांनी होईना. मग मीही पदर खोचला. तिघं चाकाला धरून असे उभे, जसे एकाच जात्यावर तीन सासुरवाशिणी.

कर्र आवाज झाला. मला वाटलं माझा शिकंजा गेला. तो नाही, फ्रायविल सुटलं, आणि आम्ही तिघंही कोंड्याच्या पोत्यावर.

दिगंबर कोंडा थुंकत म्हणाला, "मायबाप, शोभाबाईले पुण्याहून आणायले एवढा जोर नसता लागला."

सर हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग एकदम वाकून खाली सांडलेला कोंडा गोळा करत बसले. मी म्हटलं राहू द्या, तरी गोळा करत राहिले.

*

नवं फ्रायविल लोणारात मिळालं नाही. सर जुनं रुमालात बांधून एसटीनं चिखलीला गेले. ही हकीकत त्यांनीच सांगितली. तिथल्या दुकानदारानं रुमाल उघडून आधी फ्रायविलकडं पाहिलं, मग सरांकडं. सहा दातचकत्यांचं नवं आहे म्हणाला, मापही बसेल. पण या वयात या सायकलीवर कशाला मेहनत घेता? इलेक्ट्रिक घ्या, बटन दाबलं की चढ चढते.

सर म्हणाले, "तिले दुसऱ्या कॅरिअरची सवय नाही."

दुकानदारानं पुढं काही विचारलं नाही. चांगल्या घरचा असावा. मी असते तर विचारलं असतं.

*

नवी चेन, नवं फ्रायविल. दिगंबर म्हणाला, पुढच्या चकत्या झिजल्या आहेत का, ते रिकाम्या सायकलवर कळणार नाही. भार पाहिजे. तो स्वतः मागं बसला. दिगंबर म्हणजे माझ्या काट्यावर दोन हप्त्यांत मोजावा असा माणूस. कॅरिअर कण्हलं, सर घामाघूम झाले, सायकल गल्लीच्या तोंडापर्यंतही गेली नाही.

"हा भार बरोबर नाही," सर म्हणाले.

संध्याकाळी गिरणीत आले. म्हणाले, वहिनी, एक पोतं गहू भरून द्या. बावन्न किलो. मी पन्नासचं तयार पोतं दाखवलं. नको म्हणाले. मग मी काही न विचारता वरून दोन किलो टाकले. मी न विचारणं हे आमच्या गल्लीत दुर्मीळ आहे, तेवढं लक्षात घ्या.

पोतं कॅरिअरवर, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेलं. चढावर पुढच्या सगळ्यात छोट्या चकतीवरून चेन सटकली. खडाक्. म्हणजे ती चकतीही गेली. चिखलीला तसल्या मापाची मिळणार नव्हती. दिगंबरनं ती काढली, उजेडात धरली, उलटी केली आणि तशीच परत बसवली.

"एकच बाजू झिजली, सर. दुसरीवर आजवर जोर आलाच नाही. ती नवीच हाय."

दुसऱ्या दिवशी बावन्न किलो घेऊन सर तळ्याचा चढ चढले. एकदाही आवाज नाही. परत आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा असा, जसा पोराचा पहिला नंबर आल्यावर बापाचा असतो. ओसरी धुतली. सतरंजी उन्हात टाकली. स्वयंपाकघरातले डबे घासले, तेही दोनदा. दिवाळीला बारा दिवस होते. मला बोलावून भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. दोन रविवारांभोवती गोल केले होते.

*

त्यानंतर चौथ्या दिवशी फोन आला. सुनेला सुट्टी नाही, नातीला सोबत कोण, दिवाळीचं यंदा काही जमत नाही. शोभाताईंचा आवाज एवढा हळू होता की मला खिडकीशी जावं लागलं. आता खोटं कशाला बोलू?

सर म्हणाले, "हाव, हाव. पोरीचं पाहा आधी. इथं काय ठेवलं?"

मग तिकडून, "सायकलीचं झालं का वो?"

सायकल सरांच्या समोर उभी होती. तेल दिलेली, पुसलेली, चाकात माझी खिडकी दिसावी एवढी चकचकीत.

सर म्हणाले, "नाही अजून. सामान मिळून नाही राह्यलं."

"मिळंन. घाई नका करू."

"घाई कायची?"

फोन ठेवला. मी गिरणी चालू केली. दळायला काही नव्हतं, तरी केली.

*

दिवाळीतला रविवार. गल्लीत लेकी-जावई आलेले, दारोदार रांगोळ्या, अंगणात पोरांचे टिकल्यांचे आवाज. पाच वाजले असतील. सरांच्या दाराची कडी वाजली.

धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. सायकल बाहेर काढली. कॅरिअरवर सतरंजीची घडी, आणि घडीवर ते गव्हाचं पोतं. ट्यूबची पट्टी त्यांनी एकदा ओढून पाहिली, मग थोडी सैल केली. टांग टाकून बसले आणि हळूहळू निघाले. चेनचा आवाज नाही, काही नाही.

गिरणीसमोर आले. स्पीड ब्रेकरपाशी एक पाय खाली टेकवला. मान न वळवता म्हणाले,

"धरून बस."

आणि थांबून राहिले. शेजारचे जावई दारात उभे होते, ते पाहत होते. एक पाय खाली, एक पायडलवर, सर समोर पाहत उभे. सायकल पुढं जाईना.

मी पट्ट्यावरचा हात काढला, खिडकीशी आले आणि म्हटलं,

"बसली वो. तुमी समोर पाहा."

सरांनी पायडल मारलं.